फिल्टरची बादली

नवी काळीभोर गाडी धुऊन वाळली की अंगभर पांढरे ठिपके उमटायचे. साहेबांनी बायकोला फर्मान सोडलं, "हा सगळा आपल्या खाऱ्या पाण्याचा दोष. उद्यापासून शेवटची बादली फिल्टरच्या पाण्याची भरून ठेवत जा."

तेव्हापासून साहेब रोज सकाळी ती बादली गाडीवर ओतून आंघोळीला जायचे. बाहेर येईपर्यंत गाडी आरशासारखी लख्ख! एक ठिपका सापडेल तर शपथ.

साहेबांनी गल्लीभर फिल्टरचे गोडवे गायले. ते ऐकून शेजारच्या दाताच्या डॉक्टरांनीही आपल्या काळ्या गाडीसाठी तसाच फिल्टर आणला, पण महिना झाला तरी त्यांच्या गाडीवरचे ठिपके काही हटेनात.

"हातगुण लागतो, डॉक्टर, हातगुण!" असं त्यांना आज ऐकवून साहेब शीळ घालत बाथरूममध्ये शिरले. डोक्याला साबण लावला, तोच खिडकीतून डॉक्टरांच्या बायकोचा दबका आवाज आला.


"अहो वहिनी, तुमच्यासारखी मीही नळाचीच बादली फिल्टरची म्हणून देते, पण भाऊजी आंघोळीला गेले की तुम्ही गाडी कशाने पुसता, तेवढं सांगा ना!"