आतलं कुंकू

परतूरच्या बाजारात भुजंगचं झेरॉक्सचं दुकान आहे. समोरच कापसाच्या गाड्या उतरतात. तिथला भुगा वर्षभर कॉम्प्युटरमध्ये जाऊन बसतो, म्हणून होळीच्या आसपास भुजंग तो उघडून साफ करतो.

त्यानं प्लग काढला, स्क्रू सोडले आणि बाजूचा पत्रा उतरवला. आत धुळीचा जाड थर होता, त्यावर बोटाचीसुद्धा खूण नव्हती. पंख्याच्या मधोमध मात्र कुंकू लावलेलं होतं. वर एक तांदूळ चिकटलेला. कुंकू अजून ओलं होतं.

त्याला बायकोचाच संशय आला. खंडेनवमीला यंत्रांची पूजा तिनंच केल्ती.

"शालू, माझ्या माघारी हे उघडलं का तू?"

"मला कुठं उघडता येतंय? मी तर बाहेरून लावल्तं."

बाहेरचं कुंकू कधीच वाळून उडालं होतं. 'बिलकुल खोटं बोलून राह्यली,' तो मनात म्हणाला. त्यानं आतलं कुंकू फडक्यानं पुसलं. पंख्यावरचं कुंकू गेलं, पण फडक्याला लाल डागसुद्धा लागला नाही.

वाऱ्यानं पंखा फिरू नये म्हणून त्यानं एका हातानं पातं दाबून धरलं आणि दुसऱ्या हातानं ब्लोअर चालवला. धुळीचा लोट उठला. त्यानं डोळे मिटले.

उघडले तेव्हा शालू काउंटरपलीकडून त्याच्याकडं टक लावून बघत होती.

"अहो," ती हळूच म्हणाली, "तुमचे तर दोन्ही हात गुंतलेत. मंग कपाळाला कुंकू कुणी लावलं?"