तातडीचा संपर्क

फोनवरच्या बाईने हर्षदाचे नाव घेताच छगनने माग थांबवला. “छगनभाऊ, मध्येच थांबवलात तर कापडात पट्टा पडेल ना!” शेजारचा कारागीर ओरडला, पण तो जिन्यात पोहोचला होता. ठरलेले लग्न मोडून हिमनद्या मोजायला निघालेल्या मुलीशी त्याने तीन वर्षांपूर्वी बोलणे तोडून ‘मला मुलगीच नाही’ असे सुरतेहून गावाकडे कळवले होते. “घाबरू नका, काका. डोंगरात अडकल्यास उपग्रहामार्फत आमच्या बचाव केंद्राला कळवणारं यंत्र हर्षदाताई बाळगतात. नोंदणीत तातडीचा संपर्क म्हणून तुमचा नंबर आहे. फक्त तपासणी करतेय. तुम्ही वडीलच ना?” भिंतीपलीकडे माग खडखडत राहिले. “बापच,” तो म्हणाला. “तिचा नवा नंबर द्याल?” “देता येत नाही. आम्ही फक्त संकटातच फोन करतो.” छगन पायरीवर बसला. “मग तुमचा फोन कधीच न येवो. पण लिहून ठेवा, हा नंबर बदलणार नाही.”