कोणाले आणायचं

"झालं सुरू!" दुर्गाबाई कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीच्या कुंपणाआडून ओरडली. "काल सांगितलं ना तुह्या देवाले? बहिरा हाये का तो?"

सून तानुबाई पलीकडच्या अंगणात गुडघ्यावर बसली होती. ती आणि तिचा नवरा पाद्र्याच्या धर्मात गेले, तेव्हा सासूनं त्यांची चूल वेगळी काढली आणि मधे कुंपण घातलं. आता नवरा कापसानं भरलेली बैलबंडी घेऊन भुसावळला आगगाडीपर्यंत गेला होता. बाकीच्या बंड्या परत आल्या. त्याची आली नाही. अकोल्याच्या पुढे पटकीची साथ आहे, एवढंच गाडीवान सांगत.

"मी मरीमायले कोंबडं कबूल केलं. एकदाच," दुर्गाबाई म्हणाली. "देवाच्या मागं रोज कटकट नाही करत माणूस."

"मंग तुमी रोज रस्त्याकडं काहून पाहता, मामीजी?"

दुर्गाबाईनं तोंड फिरवलं. पण ही मागते तरी काय, हे ऐकायला तिनं कान कुंपणाला लावला.

"बापा, त्यायले घरी आण. बापा, त्यायले घरी आण."

"थांब! त्यायले म्हणजे कोणाले?"

"त्यायलेच."

"अवो, साहेबाले कापूस पायजे म्हणून अर्धा वऱ्हाड बंड्या हाकून राहिला! तुह्या देवाले काय कळन, कोणाले आणायचं? नाव घे ना!"

तानुबाईनं पदर पुढे ओढला. "नवऱ्याचं नाव कसं घेऊ?"

"धर्म सोडला, न् हे नाही सोडलं!"

दुर्गाबाई पऱ्हाट्या बाजूला सारून आत आली. "कुठं पाहून बोलू?"

"कुठंबी."

ती सुनेशेजारी बसली. गुडघे कडकड वाजले.

"ऐक रे. पुंजाराम नाव हाये त्याचं. बापाचं नाव..." ती अडखळली. तानुबाई पदराआड हसली.

"दात नको काढू! बापाचं तूच पाहून घे, देवा. डाव्या कानात बाळी हाये. एक बैल लाल, एक पांढरा. लाल मारते, दुरून हाक." मग तिचा आवाज खाली आला. "ताप असला का पाणी नाही पीत तो. लहानपणापासून. रागावून पाज."

 तानुबाई उठायला लागली.

दुर्गाबाईनं तिचा हात धरून खाली ओढलं. "बस. अजून काय सांगायचं राह्यलं, मले आठवू दे."