दहा लाख किलोमीटरचा शब्द

“किती झाले?” दार उघडता उघडता काकूंनी विचारलं.

काकांनी तळहातावर पेनाने लिहून आणलेला आकडा वाचला. “नऊ लाख नव्याण्णव हजार चारशे.” आणि चपला काढायला उगाचच वेळ लावला.

काकूंनी वहीत आकडा उतरवला. “म्हणजे सहाशे राहिले. चार दिवसांचा खेळ. मग टॅक्सीची किल्ली जावयाच्या हातात आणि तुम्ही घरी!”

“शब्द म्हणजे शब्द,” काका म्हणाले. आवाज मात्र पंक्चर झालेल्या चाकासारखा निघाला.

हा शब्द त्यांनी स्वतःच दिला होता, लेकीच्या लग्नात, भरल्या मांडवात. गाडीने दहा लाख किलोमीटर पार केले की आपण पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नाही. तेव्हा गाडीचे तीन लाखही झाले नव्हते, आणि दहा लाख कुठली गाडी चालते हो, असं काकांनी मनातल्या मनात धरलं होतं.

पण पोटच्या पोरीसारखी जपल्यावर गाडी तरी बिचारी काय करणार? दहा हजार झाले की इंजिन ऑइल बदललंच पाहिजे. कूलंट रोज सकाळी बघायचं, टायरमधली हवा दर सोमवारी. गाडी सुरू केली की अर्धा मिनिट नुसती उभी. एखादं गिऱ्हाईक “चला ना लवकर” म्हणून करवादलं तर काका विचारत, “तुम्ही झोपेतून उठल्या उठल्या धावत सुटता का?” इतक्या वर्षांत इंजिन एकदाही खोलावं लागलं नव्हतं. स्टँडवरचे टॅक्सीवाले चिडवायचे, “काका, गाडीची दृष्ट काढता की काय?”

आकड्यांशी मात्र काकांचा छत्तीसचा आकडा. इंजिनाची जराशी कुरकुर त्यांना लगेच ऐकू यायची, पण कालचे किलोमीटर विचारले की ते वहीकडे बोट दाखवायचे. वही काकूंची.

आता कायमचं घरी बसायचं ही कल्पनाच काकांना सहन होईना. तसे ते दोनदा घरी बसले होते. पाय मोडला तेव्हा महिनाभर, आणि डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तीन आठवडे. टॅक्सी तेवढे दिवस गॅरेजमध्ये. हात रिकामे कसे ठेवायचे? म्हणून त्यांनी काकूंना स्वयंपाकघरात मदत केली. मिक्सर खोलून साफ केला. डब्याडब्यावर तारखा चिकटवल्या. कुकरची रिंग कधी बदलायची, सुऱ्यांना धार कधी लावायची, याचा तक्ता भिंतीवर लावला. “गॅस एकदम मोठा करू नकोस, भांड्याला आधी तापू दे,” हे दिवसातून दहा वेळा सांगितलं. काकूंनी सगळं मुकाट्याने ऐकून घेतलं. खूश झाली असणार, काकांना वाटलं.

त्यांचा स्वतःचा जीव मात्र रमला नाही. दोन्ही वेळा टॅक्सीत परत बसल्यावर त्यांनी आधी किलोमीटरचा मीटर बघितला आणि त्यांना हायसं वाटलं. चला, अजून बराच पल्ला बाकी आहे!

आता सहाशे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते गॅरेजमध्ये जाऊन उभे राहिले. मेकॅनिक त्यांचा जुना माणूस, गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नव्हता.

“आवाज तर झकास आहे काका. आज कसं काय येणं?”

काकांनी इकडे तिकडे पाहिलं. “अरे, हा मीटर... जरासा मागे घेता येईल का?”

मेकॅनिकच्या हातातला पाना हातातच राहिला. “काका! पिवळा दिवा लागला की थांबणारी माणसं तुम्ही, आणि हे काय बोलताय?”

“गाडी विकायची थोडीच आहे? कुणाला गंडवत नाहीये मी.” काका खाली बघत म्हणाले, “म्हणजे, फक्त हिला. संसारात पहिल्यांदाच. फार लाज वाटते रे. पण खरं सांगू? स्टिअरिंग सुटलं तर मी दोन महिन्यांत गंजून जाईन. फक्त पन्नास हजार मागे घे. आणि हिला पत्ता लागू देऊ नकोस. बिचारी इतकी वर्षं माझी वाट बघतेय, मन मोडेल तिचं.”

मेकॅनिकने फडक्याला हात पुसले. हसू दाबायचा त्याने बराच प्रयत्न केला, पण जमेना.

“पन्नास हजारांचं नाही जमायचं, काका,” तो म्हणाला. “सकाळीच काकूंचा फोन येऊन गेला. त्यांनी याही खेपेला एक लाखच सांगितलेत.”