सोनेरी हरिण

परदेशातल्या माउंट वेलिंग्टन उपनगरातल्या घरी, वडील दादारावांच्या गॅरेजमधला जुना कॉम्प्युटर मैत्रेयने कसाबसा चालू केला. त्याच्या आईने, कमलाबाईंनी, हयात असताना माइकसमोर बसून सांगितलेल्या गोष्टी त्यातच होत्या. पण त्या कॉम्प्युटरचा आवाज बंद पडला होता, फ्लॉपी चालत नव्हती आणि यूएसबी तर त्या काळी नव्हतंच. शेवटी प्रिंटरच्या पोर्टाला जाड केबल लावून तो फाइली जुन्या लॅपटॉपवर उतरवत बसला. काम गोगलगाईच्या चालीने चाललं होतं.

"बाबा, धिस इज हीप्स स्लो," त्याची मुलगी आरुषी त्या संथपणाला कंटाळून म्हणाली.

"मराठीत बोल. आता आजीचं ऐक, म्हणजे कळेल भाषा काय असते. तुम्हा मुलांना लाज वाटते मराठीची."

तासाभराने पहिली फाइल आली. कमलाबाईंचा आवाज गॅरेजभर पसरला. "जंगलात एक सोनेरी हरिण होतं. त्यानं बुडत्या माणसाला वाचवलं, पण त्या माणसानं उपकाराची..."

मध्येच रेकॉर्डिंगमधला लहानपणचा मैत्रेय ओरडला, "मम, स्टॉप इट. माय मेट्स आर हिअर. टॉक इंग्लिश."

"बरं बाळा, ओके. सो... द मॅन..." कमलाबाई शब्द शोधत राहिल्या आणि रेकॉर्डिंग तिथेच संपलं.

आरुषी लॅपटॉपकडे पाहत होती. मैत्रेयची मान वर होईना.

"बाबा," ती हळूच मराठीत म्हणाली, "हरणाचं पुढे काय झालं?"

मैत्रेयला ते माहीत नव्हतं.