चिकटरावांची शिकवणी

चिकटरावांनी नाकातलं बोट बाहेर काढलं आणि त्याच बोटाने भिंगरीचा वजीर उचलला.

"ई!" ती ओरडलीच.

"काय झालं?" कोपऱ्यातल्या खुर्चीतून बाबांनी विचारलं.

"काही नाही."

वजीर पटावर उभा होता, काळा कुळकुळीत आणि किंचित ओलसर. भिंगरीने बाही ओढून बोटांवर घेतली आणि तिच्याआडून तो जेमतेम धरला. तरी अंगावर शहारा आलाच.

चिकटराव हे तिनेच ठेवलेलं नाव. बुद्धिबळाच्या या मास्तरांचं सगळंच चिकट होतं. बोटं चिकट, मिशा चिकट, हसणंसुद्धा चिकट. बिस्कीट चहात इतका वेळ बुडवायचे की ते विरघळून तळाला जायचं. मग तो लगदा तर्जनीने निपटून खायचे आणि तर्जनी चाटून पुढची चाल दाखवायचे. शिकवणी संपली की भिंगरी सगळा पट साबणाच्या पाण्याने पुसून काढायची.

"अगं, माणूस आहे तो," आई म्हणायची. "साबणाची वडी नाही."

"साबणाचा आणि त्यांचा संबंध आलाय तरी का कधी?"

आई फिसकन हसायची. बाबा हसायचे नाहीत. बाबा म्हणजे कडक इस्त्री. खिशात सुगंधी रुमाल, नखं कापलेली, घरात शिरल्या शिरल्या आधी हात धुणार. असल्या बाबांनी असला माणूस घरात आणावा, हेच भिंगरीला कोडं होतं.

"शोधून शोधून आणलंय मी त्यांना," बाबा म्हणायचे. "सांगतील ते मुकाट ऐकायचं. अंतिम फेरी आहे, पोरखेळ नाही."

हे मात्र तिला शंभर टक्के मान्य होतं. रविवारी शाळाशाळांच्या स्पर्धेची अंतिम फेरी होती. जिंकेल ती परगावी, मोठ्या स्पर्धेला जाणार. भिंगरीने मनातल्या मनात बॅगसुद्धा भरून ठेवली होती. समोर होती बाबांच्या साहेबांची लेक. साहेब स्वतः बघायला येणार होते. त्यांच्या हाताखालची मोठी जागा रिकामी झाली होती आणि बाबा तिच्यावर डोळे लावून बसले होते. म्हणजे नुसतं जिंकून भागणार नव्हतं, दणक्यात जिंकायला हवं होतं. साहेबांनी बाबांच्या पाठीवर थाप मारून म्हटलं पाहिजे, काय पोरगी आहे हो तुमची!

"राजा मधेच राहू दे," चिकटराव म्हणाले. "कडेची प्यादी पुढे ढकल."

"पण सर, राजा उघडा पडतोय."

"पडू दे. समोरची बुचकळ्यात पडते."

"इथे मीच पडलेय!"

"भिंगरे," कोपऱ्यातून आवाज आला, "सरांना उलट बोलायचं नाही."

तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. ते बाल्कनीत गेले, दार लागलं, आणि चिकटराव एकदम पटावर वाकले. तोंडाचा आंबूस वास भपकन तिच्या नाकात शिरला. तिने श्वास रोखला.

"हे सगळं विसर. आधी घोडे बाहेर काढ. मग राजाला हत्तीच्या आड ने. ती मुलगी वजीर फार लवकर पळवते, घोड्यांनी त्याला हाकलत राहा. कळलं?"

"अहो, पण आत्ताच तुम्ही..."

दार वाजलं. चिकट बोटांनी सोंगट्या भराभर पहिल्या जागी नेऊन ठेवल्या.

"हं, तर कडेचं प्यादं," चिकटराव मोठ्याने म्हणाले.

हे रोजचंच झालं होतं. बाबा समोर असले की एक, बाबा उठले की भलतंच. अंगाची घाण एक वेळ सोसता येते, पण एका तोंडात दोन जिभा? याला स्वतःलाच काही येत नसणार. थापा मारतोय, झालं.

शुक्रवारी शिकवणी संपली. बाबा आईशी बोलायला आत गेले, तेव्हा चिकटरावांनी भिंगरीचा हात आपल्या दमट हातात धरला.

"रविवारी फोनच्या वेळचं खेळ हं. माझं ऐक."

तिने हात हिसकावून घेतला. मोरीत जाऊन कोपरापर्यंत धुतला, पुन्हा धुतला, आणि तडक बाबांपुढे उभी राहिली.

"बाबा, हा माणूस तुम्हाला फसवतोय."

तिने सगळं सांगून टाकलं. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला.

"कधीपासून चाललंय हे?"

"पहिल्या दिवसापासून."

"त्यातलं तुझ्या लक्षात किती आहे?"

"छे! मी ऐकतेय कशाला? मी तर नाक दाबून बसायचे."

बाबांनी मोठा श्वास सोडला. तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "गुणाची माझी बाय ती. बरं झालं सांगितलंस. जा, आईकडे जाऊन बस."

जिन्यात पोचलेल्या चिकटरावांना त्यांनी परत वर बोलावलं आणि बाहेरच्या खोलीचं दार लावून घेतलं.

भिंगरी कसली जातेय आईकडे! तिने दाराला कान लावला. आता त्या घाणेरड्याची कशी खरडपट्टी निघते, त्यातला शब्दन् शब्द तिला ऐकायचा होता.

बाबांचा आवाज चढलेला नव्हता. नेहमीसारखाच होता, स्वच्छ, घडी घातलेला.

"तुम्हाला एकच काम सांगितलं होतं मी," बाबा म्हणत होते. "रविवारी पोरगी साहेबांच्या लेकीपुढे हरली पाहिजे."