कावेरीनं कापलेली पानं

माजलगावच्या कालव्याखालच्या तुकड्यात कावेरीनं आपल्या आईच्या बियाण्याची साळ जपली होती. या साळीला कीड लागत नाही, असं ती लहानपणापासून ऐकत आलेली. शहरातल्या प्रयोगशाळेत शिकणारा तिचा भाचा महांतेश नेमकं तेच तपासायला आला. सांजेला त्यानं जाळीतल्या रोपांवर तुडतुडे सोडले आणि धुरासारखी गार वाफ सोडणारा डबा मावशीच्या हवाली केला.

"आज रातभर अन् उद्या दिवसभर किडे चावू दे मावशी. उद्या सांजच्याला पानं कापून यात टाक, हायेत तशीच गोठत्यात. परवा माणूस येऊन डबा नेईल."

एवढं सांगून तो शेवटच्या एसटीनं गेला.

दिवाळी सरल्यावर गावातल्या एसटीडीवर त्याचा फोन आला.

"मावशी, आजीची साळ बाद केली. किडा चावला की झाडातले जीन जागे व्हाया पायजेत. हिचे झालेच न्हाईत. किडा न चावलेल्या पानागतच सगळं दिसतंय."

कावेरीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पुन्हा एकदा बघ की रे."

"साहेब म्हणत होते, पानं घेताना चूक झाली असंल. मीच भांडलो त्यांच्याशी. म्हणलं, माझ्या मावशीनं कापल्यात, चूक व्हायचीच न्हाई."



महांतेशनं तुडतुडे सोडले, त्याच्या दुसऱ्या दिवशी नागपंचमी होती. पंचमीला काही कापायचं नसतं, म्हणून त्याची एसटी वळताच, किडे रोपांवर नीट बसायच्या आधीच, कावेरीनं पानं कापून डब्यात टाकली होती.